पायांवरची सूज आणि हृदयातला दाह : हार्ट फेल्युअरमध्ये प्रतिकारयंत्रणा नेमके काय करते?

भुईकोट

माझे थोरले बंधू सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतात. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणले. तीन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला आणि तेव्हापासून त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आहे. गेल्या मे महिन्यात त्यांच्या दोन्ही पायांवर सूज आली. नडगीवर बोट दाबले की खळगा पडे आणि तो लवकर भरून येत नसे. घराजवळच्या औषधांच्या दुकानात जाऊन त्यांनी ‘सूज उतरायची गोळी’ मागितली आणि दुकानदाराने डायक्लोफेनॅक दिले. पाच दिवस ती गोळी घेतल्यावर त्यांचे वजन चार किलोंनी वाढले, आडवे झाले की धाप लागू लागली, रात्री भिंतीला टेकून ते बसल्या बसल्या झोपू लागले आणि सहाव्या दिवशी त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले.

या प्रसंगाच्या मुळाशी मला एक शब्द दिसतो. दारात बोट चेमटले की ते लाल होते, तापते, ठणकते आणि फुगते. त्याला आपण सूज म्हणतो. हृदयाची ताकद कमी झाली, म्हणजेच हार्ट फेल्युअर झाले, की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, ते पाणी दिवसभरात घोट्यांपाशी उतरते आणि पाय न दुखता फुगतात. त्यालाही आपण सूजच म्हणतो. पहिली सूज म्हणजे दाह आणि तो प्रतिकारयंत्रणेच्या कामातून निर्माण होतो. दुसरी सूज म्हणजे साचलेले पाणी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके दाह कमी करण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. परंतु हृदय थकलेल्या माणसाची मूत्रपिंडे स्वतःचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी त्याच रसायनांवर अवलंबून असतात. हा आधार निघाला की मीठ-पाणी आणखी साचते आणि लघवीच्या गोळीचा गुणही कमी येतो. बंधूंच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मग अशा हृदयात खरा दाह नसतोच का, हा प्रश्न मला त्यानंतर पडला आणि त्यासाठीच चर्चेचा हा धागा काढत आहे. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर शोधताना मला आधी प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ आठवले. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. या भक्षक पेशींवरील कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. हार्ट अटॅकनंतर हृदयातही हेच घडते. फरक इतकाच की काटा बाहेरून आलेला नसतो, रक्त न मिळाल्याने मेलेला स्नायूच शरीराला काट्यासारखा सलतो. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात. त्यांच्यामागून अस्थिमज्जेतून आणि प्लीहेतून मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात. प्लीहेत त्यांचा राखीव साठा असतो, हे २००९ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. या पेशींचे भक्षक पेशींत रूपांतर होते आणि त्या मेलेला स्नायू साफ करतात. काही दिवसांनी त्यांचा स्वभाव पालटतो आणि त्या दुरुस्तीचे संदेश पाठवू लागतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे तंतू घालतात आणि व्रण भरतो. हृदयाचा मेलेला स्नायू जवळजवळ पुन्हा उगवत नाही, म्हणून तो व्रण हेच त्या जागेचे एकमेव ठिगळ असते.

बंधूंना मी हे मागाच्या भाषेत सांगितले. ताण्यातला धागा तुटला तर गाठ मारावीच लागते, नाहीतर कापडात फट राहते. पण तुटला नसताना जागोजागी गाठी पडत गेल्या, तर सगळे कापड ताठर होते. काही रुग्णांत ही दुरुस्ती वेळेवर थांबत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा दाह महिनोन्‌महिने धुमसत राहतो, अटॅकपासून दूर असलेला धडधाकट स्नायूही तंतूंनी कडक होतो, डावा कप्पा पसरत जातो आणि पंपिंग आणखी घटते. पसरलेल्या कप्प्याच्या भिंतींवर ताण येतो, त्या ताणातून पुन्हा दाहाचे संदेश सुटतात आणि हे चक्र चालूच राहते.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा अनुभव असेल किंवा या विषयाचा अभ्यास असेल, त्यांनी कृपया लिहावे.

निर्मला, कुंभारी

सर, आपण लिहिलेली गोष्ट अटॅकपासून सुरू होते. आमच्या घरची गोष्ट घशापासून सुरू झाली. माझी आई विडी कामगार. दहा-अकरा वर्षांची असताना तिचा घसा धरला होता आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, मग घोटे, मग मनगटे असे सांधे एकामागून एक सुजले, असे आजी सांगत असे. ते दुखणे आपोआप गेले, त्यामुळे कुणी मनावर घेतले नाही. पुढे माझ्या वेळी ती गरोदर असताना सातव्या महिन्यात तिला चालताना धाप लागू लागली, खोकल्यातून रक्त पडले आणि तपासणीत डाव्या बाजूची मायट्रल झडप आवळलेली निघाली.

मी स्वतः परिचारिका आहे, म्हणून यामागचे कारण लिहिते. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू शिरले की प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे आणि टी-पेशी तयार करते. या जिवाणूवरील काही प्रथिने हृदयातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की शत्रूसाठी तयार झालेली फौज आपल्याच झडपांवर चालून जाते. यालाच संधिवाताचा ताप किंवा रुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांध्यांवरून तो वाऱ्यासारखा निघून जातो; झडपेवर मात्र प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर नवा घाव पडू शकतो, झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात आणि फुप्फुसांत रक्त तुंबू लागते. आईच्या झडपेत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे दर २१ दिवसांनी तिला बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन दिले जात होते. इंजेक्शन झाले की त्या बाजूचा पाय दिवसभर धरत असे, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसत असे. ते इंजेक्शन खराब झडप बरी करत नाही. घशात जिवाणूला पुन्हा थारा मिळू नये आणि प्रतिकारयंत्रणेकडून नवी चूक होऊ नये, एवढ्यासाठीच ते असते.

पाच ते पंधरा वयाच्या मुलाचे सांधे घसादुखीनंतर एकामागून एक सुजले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

सात रस्ता

भुईकोट सर आणि निर्मलाताई, दोघांचेही लेखन वाचून एक प्रश्न पडला. दाहामुळेच हृदयाचे नुकसान होत असेल, तर दाह दाबणारी औषधे, म्हणजे स्टिरॉइड किंवा संधिवातावरची नवी महागडी इंजेक्शने, हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना सरसकट का देत नाहीत? माझ्या वडिलांच्या रक्ततपासणीत दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला आहे आणि एका नातेवाइकांनी स्टिरॉइडचा छोटा कोर्स घेण्याचा आग्रह धरला आहे.

औषधशास्त्र

आपल्या वडिलांना हार्ट फेल्युअर असेल, तर नातेवाइकांच्या सांगण्यावरून स्टिरॉइड मुळीच देऊ नका, हे आधी लिहितो. स्टिरॉइडमुळे मीठ आणि पाणी साचते, रक्तदाब आणि साखर वाढते, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. सीआरपी ही केवळ दाहाची खूण आहे. दाह कोठे आणि कशामुळे आहे, हे ती सांगत नाही. दातांतला पू, लघवीचा संसर्ग, गुडघ्याचा संधिवात, वाढलेले पोट यांपैकी कशानेही ती वाढू शकते. म्हणून सीआरपी वाढलेला दिसला की कारण शोधायचे असते, आकडा खाली आणण्यासाठी औषध घ्यायचे नसते.

आपला मूळ प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे आणि शास्त्रज्ञांनीही तो अगदी याच शब्दांत स्वतःला विचारला होता. १९९० मध्ये गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले. याच रुग्णांचे अंग झपाट्याने झडत होते, हेही तेव्हा नोंदवले गेले. प्राण्यांमध्ये टीएनएफमुळे हृदय कमजोर होते, हेही दिसून आले. त्यामुळे टीएनएफ रोखला की हृदय सुधारेल, ही अपेक्षा सरळ होती. एटानरसेप्ट या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या आणि काहीच फायदा दिसत नसल्याने २००१ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. इन्फ्लिक्सिमॅब या तशाच दुसऱ्या औषधाच्या १५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले; त्यात जास्त मात्रा घेतलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण उलट वाढले. आज संधिवाताच्या रुग्णाला मध्यम किंवा गंभीर हार्ट फेल्युअर असेल, तर हे औषध जास्त मात्रेत देणे निषिद्ध मानले जाते.

असे का व्हावे? भुईकोट सरांच्या गाठीच्या उदाहरणातच त्याचे उत्तर आहे, असे माझे मत आहे. गाठ मारणारा हात आणि गाठींचा गुंता करणारा हात एकच आहे. उंदरांमध्ये हार्ट अटॅकनंतर भक्षक पेशी काढून टाकल्या, तेव्हा मेलेला स्नायू साफ झाला नाही, व्रण नीट भरला नाही आणि अधिक उंदीर दगावले. शिवाय निरोगी हृदयातही जन्माआधीपासून वस्तीला असलेल्या भक्षक पेशी असतात आणि त्या केवळ सफाई करत नाहीत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युत संदेश जातो, त्या सांध्यावरील स्नायूपेशींना या भक्षक पेशी जोडलेल्या असतात आणि तो संदेश पुढे जाण्यास मदत करतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाच्या ठोक्यात ज्यांचा हात आहे, अशा पेशींवर सरसकट बंदी घालून चालणार नाही.

अधिक नेमका प्रयत्न २०१७ च्या कँटोस चाचणीत झाला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा एकच संदेशवाहक कॅनाकिनुमॅब या औषधाने रोखला. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले, आणि पुढील विश्लेषणात हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचे प्रमाणही मात्रेनुसार कमी होताना दिसले. परंतु जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. दाहाचा हृदयाशी संबंध आहे, हे या चाचणीने माणसांमध्ये दाखवून दिले. औषध म्हणून मात्र ते हृदयविकारासाठी बाजारात आले नाही. गाउटवरील जुन्या कोल्चिसिनच्या गोळीचीही अशीच उलटसुलट कथा आहे. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत तिने अटॅकसारख्या घटना कमी केल्या, तर २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही.

जुळे सोलापूर

माझ्या आईचे वय ६४, मधुमेह, रक्तदाब आणि वजन ८६ किलो. इको तपासणीत पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असे सांगितले गेले, तरीही सिद्धेश्वर मंदिराच्या पायऱ्या चढताना ती तीनदा थांबते. तिलाही हार्ट फेल्युअरच आहे, असे आता दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. पंपिंग चांगले असताना हे कसे, आणि त्यात दाहाचा काही संबंध आहे का?

औषधशास्त्र

आपल्या आईचा आजार या धाग्याच्या विषयाला भुईकोट सरांच्या बंधूंच्या आजारापेक्षाही जवळचा आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा किती रक्त बाहेर पडते, ते पंपिंगच्या टक्केवारीत कळते. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर ते किती सहज सैल होते, हे त्या टक्केवारीत येत नाही. आईंचे हृदय ताठर झाले आहे. ते भरायला जोर लागतो, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि पायऱ्या चढताना धाप लागते. हे ताठरपण कोठून येते, याबद्दल २०१३ मध्ये मांडलेला विचार असा, की पोटाची चरबी, मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे सर्व शरीरात मंद दाह राहतो, त्याने हृदयातील बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयार करत नाही आणि त्याअभावी शेजारचा स्नायू कडक होत जातो. म्हणजे येथे मेलेल्या स्नायूचा काटा नाही. दाह बाहेर सुरू होतो आणि हृदयापर्यंत येतो.

उपचारातही त्याचे प्रतिबिंब दिसते. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा अशा रुग्णांना फायदा होतो, हे २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत दिसले. २०२३ मध्ये स्थूल रुग्णांना सेमाग्लुटाइड हे वजन घटवणारे औषध दिल्यावर वजन घटले, त्रास कमी झाला, चालण्याची क्षमता वाढली आणि सीआरपीही उतरला. आईंचे वजन कमी होणे हा या आजारात खरा उपचार आहे.

निर्मला, कुंभारी

औषधशास्त्र सरांच्या लेखनाला दोन गोष्टी जोडते, कारण त्या आमच्या वॉर्डात रोज दिसतात.

पहिली लोहाची. हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांना थकवा इतका असतो, की भाकरी थापून होईपर्यंत दोनदा बसावे लागते. दीर्घकाळच्या दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि ते आतड्यातून लोह शोषले जाण्याचा दरवाजाच बंद करते. त्यामुळे लोहाच्या गोळ्या खाऊनही साठा भरत नाही आणि शिरेतून लोह द्यावे लागते. हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या चाचण्या करायला डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरी काढ्यांची. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ म्हणून लोक घरोघरी काढा देतात. या आजारात प्रतिकारयंत्रणा आधीच चुकीच्या वेळी जागी असते, तिला आणखी चेतवण्यात शहाणपण नाही. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे अशा काढ्यांत बऱ्याचदा ज्येष्ठमध असते. जास्त दिवस घेतले तर ते शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते. लघवीची गोळी चालू असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांसाठी हे धोक्याचे आहे.

सात रस्ता

वडिलांना स्टिरॉइड देणार नाही, हे आज घरी ठरले. दंतवैद्यांकडे नेले तेव्हा दोन दाढांच्या मुळाशी पू निघाला. आता एकच विचारतो, फ्लूची लस द्यावी का? लस म्हणजे प्रतिकारयंत्रणेला चेतवणेच आहे ना?

औषधशास्त्र

द्यावी. लस प्रतिकारयंत्रणेला सरसकट चेतवत नाही, एका विषाणूची ओळख करून देते, आणि त्यासाठी दोन दिवसांची हातदुखी किंवा कणकण एवढीच किंमत मोजावी लागते. खरा फ्लू झाला तर ताप, वाढलेले ठोके आणि दाहाचे संदेश यांचा भार आठवडाभर थकलेल्या हृदयावर पडतो. भारतासह दहा देशांतील ५,१२९ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झालेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मुख्य निष्कर्षात ठाम फरक सिद्ध झाला नाही, तरी लस घेतलेल्यांमध्ये न्यूमोनिया आणि रुग्णालयात भरती होणे स्पष्टपणे कमी होते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून लस मृगाच्या आधी घेतलेली बरी. न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

भुईकोट

सर्वांचे मनापासून आभार. सूज या शब्दाचे दोन अर्थ मी सुरुवातीला वेगळे केले होते. ते एका ठिकाणी एकत्र येतात, असे नंतर वाचनात आले. हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याच्या भिंतींनाही पाणी धरते आणि अशा आतड्यातून जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. १९९९ च्या एका अभ्यासात पाय सुजलेल्या रुग्णांच्या रक्तात हे अंश जास्त आढळले आणि लघवीच्या औषधाने पाणी उतरवल्यावर ते कमी झाले. दाहाचे संदेशवाहक मात्र तेव्हाही चढेच राहिले. म्हणजे पाणी साचण्यानेही दाहाला खतपाणी मिळते, पण पाणी काढल्याने तो लगेच विझत नाही. पाणी उतरले म्हणजे आजार गेला असे नाही, म्हणून बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि हृदयाच्या इतर गोळ्या बरे वाटू लागल्यावरही वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, हे बंधूंना आता पटले आहे.

त्यांच्या घरी आम्ही तीन बदल केले. शेंगाचटणी मीठ न घालता वेगळी कुटली जाते आणि कडक भाकरीच्या पिठातही मीठ पडत नाही. पहिले पंधरा दिवस त्यांनी ताट बाजूला सारले, आता सवय झाली आहे. गुडघा दुखला तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल तेवढी घ्यायची, असे वहिनींनी औषधांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. आणि मागाच्या हिशेबाची जुनी वही आता वजनाची वही झाली आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, ते काट्यावर उभे राहतात आणि आकडा स्वतः लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर दुकानात न जाता डॉक्टरांना फोन करायचा, असे त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. श्रावणात एकदा तसा फोन करावा लागला. लघवीच्या गोळीची मात्रा चार दिवस वाढवली आणि वजन पुन्हा ५८ वर आले. आजचा आकडा ५८.२ आहे.